गॅस किट काढलं, मॅनिफोल्डवरची भोकं उरली

कोरेगावच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: "माझी १२०० सीसीची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. सहा वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजीचं सिक्वेन्शियल किट बसवलं होतं. आता टाकीच्या टेस्टची तारीख आली, डिकीत जागा उरत नव्हती आणि गाडीही फारशी फिरत नाही, म्हणून किट काढून टाकलं. काढणाऱ्याने मॅनिफोल्डवरच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळांच्या भागावरच्या) चार भोकांत एपॉक्सी पुटी भरून दिली. आठ-दहा दिवस ठीक गेले. मग स्लो, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन फिरतं तो वेग, १५०० आरपीएमवर जाऊन बसला, मधेच खाली येतो, परत चढतो. चेक इंजिनचा दिवा लागला. वाकून पाहिलं तर दोन भोकांतली पुटी दिसत नाही. ती बाहेर पडली की आत गेली? मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. भोकं कायमची बंद कशी करायची, की नवीन मॅनिफोल्डच घ्यावं लागेल?"

सर, गाडी आहे तिथंच उभी ठेवा. "बघू तरी" म्हणून एकदासुद्धा स्टार्ट मारू नका. हे आधी सांगतो, कारण पुढचं उत्तर लांब आहे आणि ते वाचून होईपर्यंत कुणीतरी स्टार्ट मारून बघतंच.

पुटी आत गेली, असंच धरून चाला. बाहेर पडायला तिला कारणच नाही. आपल्या साताऱ्याच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब साधारण ९३ किलोपास्कल असतो आणि इंजिन स्लोला चालू असताना मॅनिफोल्डच्या आत तो ३० ते ४० असतो. म्हणजे बाहेरची हवा त्या भोकावर सारखी आत रेटत असते. रेटा फार मोठा नाही. ५ मिलिमीटरच्या भोकावर हिशेब केला तर जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचं वजन ठेवल्यासारखा. एवढ्याने चांगली चिकटलेली पुटी हलत नाही, म्हणून तर आठ-दहा दिवस ठीक गेले. पण इंजिन दिवसातून दोन-तीनदा तापतं आणि निवतं. अ‍ॅल्युमिनियम फुगतं वेगळं, पुटी फुगते वेगळी. त्यात हादरे, त्यात पेट्रोलची वाफ, आणि भोकाच्या आट्यांमध्ये सहा वर्षांचा तेलकट थर, जो बहुधा कुणी पुसलेलाच नसतो. एकदा का पुटीची पकड सुटली की शंभर ग्रॅमचा रेटा पुष्कळ झाला.

माझं या कामातलं मत सरळ आहे. मॅनिफोल्डवरचं बुच हवा किती छान अडवतं, हे मी नंतर बघतो. सगळं सैल झालं तरी ते आत जाऊ शकेल का, हे आधी बघतो. बुचाचं डोकं बाहेर आणि भोकापेक्षा मोठं असलं पाहिजे. मग इंजिन ओढेल तेवढं ते जास्त घट्ट बसेल. पुटी, सिलिकॉन, लाकडाची खुंटी, बिनडोक्याचा ग्रब स्क्रू या सगळ्यांत हीच खोट आहे. ती भोकाच्या भिंतीला धरून असतात, आणि भिंत सुटली की मागं अडवायला काही नसतं.

आत गेलेल्या तुकड्याचं काय होतं? नशीब बरं असेल तर तो रनरमध्येच, म्हणजे मॅनिफोल्डच्या एका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत, पडून असतो किंवा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बसलेला सापडतो. नशीब मधलं असेल तर व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये अडकतो, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन जातं आणि गाडी तीन सिलिंडरवर चालल्यासारखी थरथरते. सिलिंडरमध्ये गेला तर भुगा होऊन सायलेन्सरच्या वाटेने निघतो, पण जाता जाता धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये ठाण मांडू शकतो. म्हणून मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय यातलं काही करू नका. उतरवलं की टॉर्च मारून चारी पोर्ट बघा. तुकडे सापडले तर जोडून पाहा, पुटी पुरी भरते का. नाही भरली तर स्पार्क प्लग काढून त्या भोकातून कॅमेरा घाला. हल्ली मोबाईलला जोडायचा वायरचा कॅमेरा बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. शेवटी कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास असले की त्या बाबतीत सुटलात.

आता स्लो १५०० वर का गेला ते बघू. लोकांना वाटतं एवढंसं भोक, त्यातून कितीशी हवा जाणार. स्लोला १२०० सीसीचं इंजिन हवा फार थोडी घेतं, साधारण सेकंदाला दोन-अडीच ग्रॅम. ही सगळी हवा थ्रॉटलच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या, बारीकशा फटीतून येते. ५ मिलिमीटरचं एक उघडं भोक इतक्या दाबफरकाला सेकंदाला तीन ग्रॅमच्या वर हवा आत घेऊ शकतं. म्हणजे तुमच्या एका भोकातून अख्ख्या इंजिनाला स्लोला लागते तेवढी, किंबहुना जास्तच, हवा येते. तुमची दोन उघडी असतील तर इंजिन खरं तर याहून वर जायला हवं होतं. म्हणून माझा अंदाज असा की एक पूर्ण उघडं आहे आणि दुसऱ्यात पुटी अर्धवट अडकलेली आहे, किंवा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मधेच पेट्रोल तोडून इंजिनला खाली खेचतोय. स्लो चढतो-पडतो तो त्यामुळेच. आमच्याकडे त्याला हंटिंग म्हणतात.

इथं बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो. कार्बोरेटरच्या जमान्यात बाहेरची हवा घुसली की मिक्स्चर पातळ व्हायचं, स्लोला गाडी बंद पडायची, चोक ओढला की सुधारायची. तेच गणित डोक्यात ठेवून आजही लोक म्हणतात, "एअर घेतेय, म्हणजे गाडी बंद पडली पाहिजे." पण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. हवा कुठूनही येवो, दाब वाढला की सेन्सरला तो कळतो आणि ईसीयू त्या मापाने पेट्रोल वाढवतो. इंजिनला वाटतं कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटर दाबलाय. म्हणून गाडी बंद न पडता रेस होते, आणि स्कॅनरवर पी ०५०७ हा कोड दिसतो, म्हणजे स्लो ठरल्यापेक्षा जास्त. ज्या गाड्यांत फिल्टरनंतर हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, त्यांत ही चोरून आलेली हवा मोजलीच जात नाही. तिथं पी ०१७१ येतो, म्हणजे मिक्स्चर पातळ. तुमचा कोड कोणता आहे ते बघून ठेवा, पुसू नका.

आणि एक गोष्ट दिसत नाही पण माझ्या मते सगळ्यांत वाईट आहे. ती हवा फिल्टरमधून आलेली नसते. एक भोक मिनिटाला दीडशे लिटरच्या वर हवा ओढतं. ऊसतोडीच्या दिवसांत तुमच्या भागातल्या कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं चार किलोमीटर गेलात तर किती धूळ थेट रिंगांवर जाते, याचा विचार करा. स्लोचं दुखणं दुरुस्त होतं. झिजलेली रिंग होत नाही.

आता मुख्य काम. पण त्याआधी मीच तुम्हाला एक प्रश्न विचारतो. तुम्ही भोकं चार सांगितलीत. पाचवं कुठं आहे?

सिक्वेन्शियल किटला चार सिलिंडरची चार नोझल लागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गॅसच्या रिड्यूसरला (टाकीतल्या गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाला) आणि किटच्या स्वतःच्या दाब सेन्सरलाही मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम लागतो. तो कुठून तरी घेतलेला असतो. कधी मॅनिफोल्डवर वेगळं निपल ठोकतात, कधी एखाद्या व्हॅक्यूम पाईपला मधेच कापून टी (तीन तोंडांचा जोड) घालतात. किट काढणारा माणूस घाईत असेल तर तो पाईप दुमडून त्यावर तार गुंडाळतो, नाहीतर पाईपात बोल्ट खुपसतो आणि खाली कुठंतरी लोंबता ठेवतो. तीन-चार महिन्यांनी रबर तडकतं आणि मग चारही भोकं उत्तम बंद असूनही गाडी एअर घेत राहते. माणूस मॅनिफोल्डची पॅकिंग बदलतो, थ्रॉटल बॉडी धुतो, सेन्सर बदलतो, आणि दुखणं त्या तार गुंडाळलेल्या पाईपात असतं. माझ्याकडे किट काढलेली गाडी आली की मी आधी हात घालून ती टी शोधतो. टी सापडली तर ती ठेवून एक तोंड बंद करू नका. टी काढा आणि पाईप एकसंध नवीन टाका. पन्नास-शंभर रुपयांचं रबर आहे, त्यात जुगाड कशाला?

जाता जाता हेही बघून घ्या. रिड्यूसर गरम ठेवायला कूलंटच्या पाईपातही अशाच दोन टी असतात, आणि पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून किटच्या ईसीयूतून फिरवलेल्या असतात. त्या वायरी नीट सोल्डर करून, वर स्लीव्ह घालून जोडल्यात की नुसत्या पिळून टेप मारलाय, हे तपासा. त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथं थांबतो.

मॅनिफोल्ड उतरवलं. पोर्टमध्ये कापडाचे बोळे घाला म्हणजे नट-वॉशर आत पडणार नाही. बोळे मोजून घाला आणि मोजून काढा. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एक बोळा आत विसरून मॅनिफोल्ड परत बसवलं होतं. गाडी सुरू झाली, तीन सिलिंडरवर चालली, आणि मी दोन तास प्लग आणि वायरी बदलत बसलो. तेव्हापासून बोळ्यांना लाल दोरा बांधतो, दोऱ्याचं टोक बाहेर.

मॅनिफोल्ड न उतरवता वरूनच टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारू, टॅपला ग्रीस लावू म्हणजे चुरा चिकटून येईल, असं सुचवणारे भेटतील. ग्रीस लावल्याने बराच चुरा येतो, सगळा येत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा एक वळलेला तुकडा व्हॉल्व्हखाली गेला तर पुटीपेक्षा जास्त नुकसान करेल. त्यातून तुमच्या बाबतीत मॅनिफोल्ड उतरवायचंच आहे, मग हा प्रश्नच उरत नाही.

राहिलेली पुटी आतल्या बाजूने बाहेर ढकला. भोकात बहुतेक एम ६ चे आटे असतील, नोझल तेवढ्याच मापाची असतात. एम ६ चा टॅप हाताने, तेल लावून, अर्धा पुढं पाव मागं करत फिरवा. आटे साफ होतील. मग पेट्रोल किंवा थिनरने धुवा आणि हवा मारा. तेलकटपणा राहिला तर पुढचं कोणतंही सीलंट वाया.

आता सगळ्यांना वाटतं, एम ६ चा बोल्ट घ्यावा, तांब्याचं वॉशर घालावं, आवळावा, झालं. मॅनिफोल्डवर मुळातच सपाट बैठक असती तर झालंही असतं. पण किटवाले नोझल हेडच्या दिशेने तिरकी घालतात, म्हणजे गॅस व्हॉल्व्हकडे जावा. रनर बाहेरून गोल, भोक तिरकं. तुम्ही बोल्ट आवळलात की त्याचं डोकं एका कडेला टेकतं आणि दुसऱ्या कडेला नख जाईल एवढी फट राहते. वॉशर तिथं काही अडवत नाही. जास्त आवळलात तर बोल्ट वाकतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे उपटून येतात. त्यामुळे तिरक्या भोकात हवा वॉशर अडवणार नाही, आटे अडवणार, आणि डोकं फक्त राखणदार, हे समजून काम करायचं.

माझ्या मते यापेक्षा सोपा मार्ग तुमच्या घरातच पडलेला असेल. किट काढताना निघालेली पितळी नोझल परत मिळाली आहेत का? ती शोधा. ती त्याच आट्यांत सहा वर्षं बसलेली होती, लांबी बरोबर, कोन बरोबर, वर पान्याला धरायला षटकोनही आहे. फक्त त्यांच्या पोटातलं भोक बुजवायचं. जुन्या एमआयडीसीत कुठल्याही टर्नरकडे नेलीत तर तो पितळ-चांदीच्या काडीने ब्रेझ करून देईल. साधं कथलाचं सोल्डरही चालतं, कारण ते वितळायला १८० अंशांच्या वर लागतात आणि मॅनिफोल्ड तेवढं कधी तापत नाही. ज्याला सोल्डरवर भरवसा नाही त्याने नोझलच्या बाहेरच्या तोंडाला बारीक टॅप मारून डोक्याचा स्क्रू बसवावा. पाईप चढवायचं टोक कापून टाका, नाहीतर पुढच्या मेकॅनिकला वाटेल इथला पाईप निघालाय आणि तो काहीतरी जोडून ठेवेल. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

नोझल हरवली असतील तर एम ६ चा स्टीलचा बोल्ट घ्या, ज्याच्या डोक्याला १० नंबरचा पाना लागतो तो. लांबी भिंतीच्या जाडीएवढीच ठेवा. आत टोक डोकावलं तर इंजिनची ताकद जाते असं काही नाही, एवढ्याशाने कळणारही नाही. पण आत आलेल्या आट्यांवर कार्बन बसतो आणि पुढं कधी काढायचा झाला तर बोल्ट निघताना अ‍ॅल्युमिनियमचे आटे घेऊन निघतो. काडीने जाडी मोजा, बोल्ट कापा, टोक कानसेने घासा, आट्यांची सुरुवात साफ करा. आट्यांना मधल्या ताकदीचं निळं थ्रेड लॉकर लावा. ते धातूत, हवा नसताना वाळतं आणि आट्यांमधली पोकळी भरून काढतं. इथं तेच खरं बुच आहे. एक रात्र वाळू द्या. लालवालं वापरू नका, ते नंतर गरम केल्याशिवाय सुटत नाही. आणि आवळायचं किती? लहान पान्याने, मनगटाच्या जोरावर. दंडाचा जोर लावलात तर गेलात. मोजायला टॉर्क रेंच असेल तर ८ न्यूटन मीटरच्या वर जाऊ नका.

टेफ्लॉनची टेप नको. नळाच्या कामाची सवय म्हणून लोक गुंडाळतात. सरळ आट्यांत ती धड बसत नाही, आवळताना तिचे धागे कापले जातात आणि आत ओढले जातात. टेप निमुळत्या आट्यांसाठी आहे. निमुळता प्लग वापरायचाच तर तोही जपून. तो पाचरीसारखा रुततो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ उंचवट्याला चीर पाडतो. साधं सिलिकॉनही नको. पेट्रोलच्या वाफेने ते फुगतं, मऊ पडतं आणि त्याची शेपटी आत लोंबू लागते.

आटेच गेले असतील तर? भोकाभोवतीच्या उंचवट्यात मांस, म्हणजे धातूची जाडी, असेल तर ६.८ मिलिमीटरचं ड्रिल मारून एम ८ चे आटे पाडा. मांस नसेल तर आरगॉन वेल्डिंग. अ‍ॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला हाच सगळ्यांत कायमचा इलाज, आणि चार भोकांसाठी नवीन मॅनिफोल्ड घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. पण दोन अटी आहेत. एक, मॅनिफोल्ड आतून-बाहेरून गरम पाण्याने आणि डिग्रीझरने धुवून न्या. ओतीव अ‍ॅल्युमिनियम तेल पिऊन बसलेलं असतं, वेल्ड मारताना ते उकळून वर येतं आणि सांध्यात बारीक छिद्रं राहतात. वेल्डर म्हणेल "बसलं", आणि गाडी एअर घेतच राहील. दुसरी अट, भोकं हेडच्या फ्लँजजवळ (हेडला टेकणाऱ्या सपाट कडेजवळ) आहेत, तिथं उष्णता गेली की फ्लँज वाकतो. परत आणल्यावर सरळ पट्टी लावून खाली फीलर गेज घालून बघा. वाकला असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या किंवा टर्नरकडून फेस मारून घ्या. सांगली-मिरजेकडचे वाचक असतील तर कुपवाड एमआयडीसीत हे काम करणारे हात उत्तम आहेत. तो भागच ओतकामाचा आणि मशीन शॉपचा आहे.

मॅनिफोल्ड बसवताना पॅकिंग नवीनच. जुनं "अजून चांगलं दिसतंय" म्हणून बसवलं तर आठवड्याने परत हाच प्रश्न विचाराल. बोल्ट मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत आवळा.

ज्यांचं मॅनिफोल्ड काळ्या प्लास्टिकचं आहे त्यांच्यासाठी इथंच सांगतो, कारण वरचं सगळं त्यांना लागू नाही. ते काच-तंतू घातलेलं नायलॉन असतं. थ्रेड लॉकर त्यात नीट वाळत नाही, धातूशी संपर्क असल्याशिवाय ते वाळतच नाही, आणि काही प्लास्टिकला तर त्याने चिरा पडतात. वेल्डिंगचा प्रश्नच नाही. तिथं नोझल बुजवून परत बसवणं हाच बरा मार्ग, किंवा रबर चिकटवलेलं वॉशर घालून बोल्ट, तोही बैठक सपाट असली तर. किटवाल्याने भोक वेडंवाकडं पाडलं असेल, आटे घसरले असतील, तर जुन्या सामानाच्या बाजारातून त्याच इंजिनचं न भोसकलेलं मॅनिफोल्ड शोधा. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डवर दोन दिवस घालवण्यात अर्थ नाही, हे मी दोन दिवस घालवूनच शिकलोय.

निपलवर चढवायच्या रबरी टोप्यांचं थोडक्यात. किटच्या व्हॅक्यूमसाठी मॅनिफोल्डवर वेगळं निपल ठोकलेलं असेल तर शक्यतो ते काढून त्या जागी प्लग घाला. टोपी हा तात्पुरता इलाज. घालायचीच तर नायट्राइल रबराची, पेट्रोल-तेल सोसणारी, निपलवर घट्ट चढणारी, आणि वर छोटी क्लिप. रेडिएटरच्या पाईपाचं रबर पाण्याला चांगलं, पेट्रोलच्या वाफेला नाही. वर्षातून एकदा नखाने दाबून बघा, चिरा दिसल्या की बदला. टर्बो गाडीत तर नुसती टोपी चालतच नाही, कारण रेस दिली की मॅनिफोल्डमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो आणि टोपी बंदुकीच्या गोळीसारखी उडते.

आणि जे भोक कशाचं आहे ते कळलेलं नाही, ते बंद करू नका. मॅनिफोल्डवर एक निपल जाड असतं, बाकी बारीक. ते जाड ब्रेक बूस्टरचं, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या भागाचं. एकदा आमच्याच पोराने इंजिनचं काम झाल्यावर बूस्टरचा पाईप चुकून दुसरीकडे जोडला आणि "रिकामं" दिसलेल्या निपलवर टोपी चढवली. स्लो एकदम झकास. गिऱ्हाईक गाडी घेऊन कासला गेला आणि यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेक दगडासारखा लागला. पेडलवर उभं राहून, दुसऱ्या गिअरला टाकून त्याने गाडी थांबवली. माणूस शहाणा होता म्हणून निभावलं. त्याचं बोलणं मी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यानंतर मॅनिफोल्डला हात लावलेली कोणतीही गाडी माझ्याकडून ब्रेक तपासल्याशिवाय गेटबाहेर जात नाही. तपासणी साधी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, कडक होईल. पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर जोडलेलं आहे.

तसंच व्हॉल्व्ह कव्हरवरून येणारा पीसीव्हीचा, म्हणजे क्रँककेसमधल्या वाफा ओढून घेणारा पाईप. तो बंद केला की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि ऑइल जिथून वाट मिळेल तिथून, डिपस्टिकच्या नळीतून, सीलमधून बाहेर येतं. मग लोक सील बदलत बसतात. पेट्रोलच्या टाकीची वाफ घेणारा पाईपही तसाच सोडा. ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी वाट) बंद करा असं सांगणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही.

सगळं बसलं की तपासणी. इंजिन स्लोला ठेवा आणि स्प्रेच्या बाटलीतून साधं पाणी प्रत्येक बुचावर, पॅकिंगच्या कडेवर आणि पाईपांवर थोडं थोडं मारा. जिथं एअर घेत असेल तिथं आवाज क्षणभर बदलतो. कार्ब क्लीनर मारायची पद्धत आहे आणि ती जास्त चटकन दाखवते, पण शेजारीच एक्झॉस्ट तापलेला असतो. घरी करत असाल तर पाण्यावरच भागवा. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं बुचांवरून फिरवलं तर बारीक शीळही ऐकू येते. एकच सिलिंडर मिस मारत असेल तर त्याच्याच रनरचं बुच बघा. नोझलची भोकं हेडजवळ असतात, त्यामुळे थोडीशी गळती बहुतेक त्या एकाच सिलिंडरला त्रास देते.

व्हॅक्यूम गेज लावणार असाल तर आपली उंची विसरू नका. पुस्तकात चांगल्या इंजिनला १८ ते २१ इंच लिहिलेलं असतं, ते समुद्रकाठचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचं. सातारा साधारण चोवीसशे फुटांवर, म्हणजे इथं सोळा-सतरा इंच आणि काटा स्थिर असेल तर उत्तम. महाबळेश्वरला साडेचार हजार फुटांवर तेच इंजिन चौदा-पंधरा दाखवेल आणि त्यात त्याचा काही दोष नसेल. पुस्तकातला आकडा गाठायच्या नादात चांगल्या गाडीचं टायमिंग बिघडवलेले लोक मी पाहिलेत. स्कॅनर असेल तर तो जास्त बरा. गाडी पूर्ण गरम, एसी बंद, स्लोला मॅप ३० ते ४० च्या मध्ये आला की हवा फक्त थ्रॉटलमधून येतेय. तुमचा आज बहुधा त्याच्या वर असेल, पण ते बघायला इंजिन सुरू करू नका; काम करण्याआधी स्टार्ट न मारता चावी नुसती ऑन करून आकडा लिहून ठेवा. इंजिन बंद असताना तो ९३ च्या आसपास दिसला म्हणजे सेन्सरही ठीक आहे.

काम झाल्यावर ईसीयूतले कोड पुसा आणि बॅटरीचं एक टोक दहा मिनिटं काढून ठेवा. सहा वर्षं गॅसवर चालल्यामुळे आणि नंतर या एअरमुळे त्याने स्लोची चुकीची सवय लावून घेतलेली असते. पहिले वीस-तीस किलोमीटर स्लो थोडा वरखाली होईल, घाबरू नका. पाचशे किलोमीटरनंतर गार इंजिनवर चारही बुचांना पाना लावून बघा. फिरवायचं नाही, फक्त सैल नाही ना ते बघायचं.

आरसी बुकात तुमचं इंधन अजून पेट्रोल-सीएनजी असंच असेल. किट काढल्यावर ती नोंद आरटीओत बदलून घ्यावी लागते, आणि विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर नसलेल्या किटचा हप्ता भरत राहाल. गाडी एमएच ११ ची असेल तर सातारा, एमएच ५० असेल तर कराड. टाकी आणि किट काढल्याची पावती जपून ठेवा, तिथं मागतात.

बॉनेट उघडाल तेव्हा दोन फोटो काढून पाठवा: एक रिड्यूसर बसवला होता त्या जागेचा, दुसरा थ्रॉटल बॉडीच्या मागच्या बाजूचा, जिथून बारीक काळे पाईप निघतात. पाचवं भोक कुठं आहे ते बघून सांगतो.